लोंबणारं टोक

लढतीआधी बॉक्सरच्या हातावर पट्टी गुंडाळायचं काम वस्तादांनी कधी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. गेल्या काही लढतींपासून मात्र पट्टी बांधून झाली की तिचं टोक मनगटाशी लोंबत राहायचं. वस्ताद ते कात्रीनं कापायचे आणि दुकानदाराच्या नावानं खडे फोडायचे, "मेल्याला साधं माप कळत नाही!"

बॉक्सर हसायचा. "जाऊ द्या हो वस्ताद, त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही."

शेवटची लढत त्यानं जिंकली आणि महिन्याच्या आत तो गेला.

"डॉक्टरांनी कधीच हात टेकले होते," त्याची बायको म्हणाली. "पण तुम्हाला कळलं तर तुम्ही रिंगमध्ये चढू देणार नाही, म्हणून ह्यांनी मला शपथ घातली."

"अगं पोरी, एका शब्दानं तरी बोलायचंस! मी त्याला अंथरुणावरून उठू दिलं नसतं."

पुढे भेटेल त्याला वस्ताद हेच सांगत राहिले, "मला कुणी काही कळूच दिलं नाही."

तालीम पुन्हा सुरू झाली. वस्तादांनी त्याच दुकानदाराकडच्या त्याच खोक्यातली नवी पट्टी काढली आणि बॉक्सरच्या आजाराआधीच्या अंगकाठीच्या दुसऱ्या गड्याच्या हातावर गुंडाळली. शेवटचा वेढा झाला, तशी सवयीनं कात्री उचलली.



कापायला काही उरलंच नव्हतं.