कराड स्टँडवरचा ड्रॅगन

"आधी तुझा ड्रॅगन पाठव, मग मी माझा घोडा पाठवते," गार्गीनं चौथ्यांदा लिहिलं. तो अनोळखी निनादही तेच उलटं म्हणत होता. मोबाइलवरच्या त्या गेममध्ये मागे एकानं तिची दुर्मीळ तलवार घेऊन पोबारा केला होता, त्यामुळे आता ती हटून बसली होती.

शेवटी ठरलं, रविवारी कराड स्टँडच्या कॅन्टीनमध्ये समोरासमोर बसून एकदमच अदलाबदल करायची. गार्गी सांगलीहून मामाला सोबत घेऊन आली. निनाद साताऱ्याहून आईला घेऊन आला.

"एक, दोन, तीन," म्हणत दोघांनी बटण दाबलं. घोडा गेला, ड्रॅगन आला. गार्गीचा जीव भांड्यात पडला आणि ती थोडी ओशाळलीही.

"उगाच संशय घेतला तुझ्यावर," ती म्हणाली.

"मी तर आईला आणलंय," तो हसला.

तेवढ्यात दोघांचं लक्ष शेजारच्या टेबलाकडे गेलं. अर्ध्या तासापूर्वी ओळख झालेल्या निनादच्या आईला मामानं गार्गीची नोकरी, घरचा पत्ता, जन्मवेळ, सगळं सांगून टाकलं होतं.

"नाडी कोणती?" त्यांनी विचारलं.

मामानं तीही सांगितली.