बांध फोडायचा दिवस

उधाण आलं, तसं घरटी एक माणूस कुदळ घेऊन बांधावर आलं. म्हाताऱ्या हिराजीनं मात्र सवयीनं चिखलाची पाटी आणली.

“आजा, बुजवायचा नाय, फोडायचा हाय!” पोरं हसली.

जमीन गोडी करायला सोडलेल्या प्रयोगशाळेतल्या शेवाळानं खारेपाटाच्या जमिनीतलं मीठ पार पिऊन टाकलं होतं. गवत गोड झालं, म्हशी माजल्या. आता मिठावाचून शेवाळच मरत होतं, आणि त्याच्यावर पोसलेलं गवतही.

“जन्मभर दर्याला भाइर ठेवला. आता त्यालाच जेवायला बोलवू?” हिराजी कुरकुरला.

“मग म्हशींना काय घालू, मामंजी?” सून बामी म्हणाली.

हिराजीनं कुदळ मारली. खारं पाणी आत धावलं. तो वाकला, आणि हातानं आपसूक चिखलाचा गोळा भगदाडात दाबला.

बामीनं पाटी हळूच बाजूला ओढली. “बसा आता. झाली तुमची राखण.”