कासव कप्तानाचं गाणं

देरझोरहून निघालेला म्हातारा दुपारपर्यंत सलामियात पोचणार होता. सुहादने पुन्हा एकदा मोबाइल नवारसमोर धरला.

"बघ ना रे. कासव कप्तान. आपण दोघं एका पांघरुणात शिरून बघायचो."

पडद्यावर हिरवं कासव डोलकाठीवर चढू लागलं. नवार बघत राहिला.

राजवट कोसळून तुरुंगाची दारं उघडली त्या दिवशी तो बाहेर आला तो असाच. ना नाव आठवत होतं, ना गाव. कुणीतरी त्याचा फोटो मोबाइलवर फिरवला. आई म्हणाली, "हाच माझा नवार," आणि त्याला घरी घेऊन आली. नवारला पकडून नेल्याला इतकी वर्षं झालेली; माणसाची काटकी झालेली, दात गेलेले. चेहऱ्यावरून कोण काय सांगणार? सुहाद त्याला दादा म्हणायची, पण जीभ अडखळायची.

त्या कार्टूनचे जुने भाग तिनेच शोधून आईच्या मोबाइलवर भरले होते. सुरुवातीचं संगीत वाजलं की त्याचे थरथरणारे हात शांत व्हायचे. तीही क्षणभर लहान व्हायची; युद्ध झालंच नाही असं वाटायचं. ती शाळेत शिकवायला गेली की मायलेक दिवसभर तेच लावून बसत.

आणि आता देरझोरचा हा हाजी मुतलक. तोच फोटो पाहून त्याने कळवलं होतं : हा माझा फव्वाज.

म्हातारा आला. जोडे दाराशी काढून भिंतीला टेकून बसला. आईने कॉफी पुढे ठेवली. त्याने हात लावला नाही. मागणं मान्य होईपर्यंत त्यांच्यात घोट घेत नाहीत.

"बाई, हा माझा मुलगा आहे."

"हाजी, दुःखाने डोळे फसतात," आई म्हणाली.

"रक्त तपासू."

"तपासा की. दमास्कसला केवढी रांग आहे, ठाऊक आहे ना?"

"तोवर मी जगतो की नाही, देव जाणे."

नवार दोघांकडे आळीपाळीने बघत होता. सुहादला राहवेना.

"त्यालाच विचारू या," ती म्हणाली. तिने गाणं लावलं आणि मध्येच बंद केलं. "पुढे काय, दादा?"

शेगडी घरघरत होती. नवारचे ओठ उघडले, मिटले.

"चल कप्तान..." तो पुटपुटला. "चल कप्तान, नजाह आत्याच्या हौदात."

सुहादला हुंदका आवरेना. "हाजी, गाण्यात आहे 'सात समुद्रांत'. आत्याचा हौद हा आमच्या नवारचा लहानपणचा वात्रटपणा. या चार भिंतींबाहेर कुणाला माहीत नाही हो!"

म्हातारा उठला. नवारच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "देवाने तुमचा तुम्हाला दिला. माझा असेल कुठेतरी."

नवार त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेला. वाकून त्याने म्हाताऱ्याचे जोडे सरळ करून ठेवले. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. म्हातारा थबकला, त्याच्याकडे बघत राहिला आणि निघून गेला. कॉफी तशीच निवत पडली.

सुहादने स्वयंपाकघरात जाऊन आईला मागून मिठी मारली. आई कप विसळत होती.

"आई, माफ कर गं. माझ्या मनात शंका होती. आज गाणं ऐकलं आणि गेली सगळी."

"बरं झालं."

"तुला एकदाही शंका आली नाही?"

"शंका कसली? पोटचं पोर आई ओळखत नाही का?" आईने कप पालथा घातला. "घरी आणलं त्याच दिवशी कळलं मला, हा आपला नाही. तू शाळेत गेलीस की घेऊन बसायचे त्याला. फार दिवस लागले बाई, सात समुद्रांतून त्याला आत्याच्या हौदात आणायला."