स्वस्तातली डबी

“ड्राइव्ह आणलीय का? दाखवा,” दुकानातल्या बाई म्हणाल्या.

त्याने खिशातून रुमालाची घडी काढून काउंटरवर उलगडली. आत बोटाएवढी हिरवी पट्टी होती. आई गेली आणि तिच्या पाठोपाठ तिचा लॅपटॉपही. दुरुस्तीवाल्याने त्यातली ही साठवणीची ड्राइव्ह बाहेर काढली, त्याच्यासमोरच चालवून पाहिली आणि म्हणाला, “ही शाबूत आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरला बाहेरून जोडायची एखादी डबी घ्या.”

बाईंनी पट्टीच्या टोकाची खाच निरखली आणि दोन डब्या पुढे ठेवल्या. एक धातूची, जड, आत उष्णता ओढून घेणारी मऊ पट्टी. दुसरी प्लास्टिकची, ना नाव ना गाव.

तो घड्याळं दुरुस्त करायचा. त्याने दोन्ही डब्या हातात तोलल्या. प्लास्टिकच्या डबीचं झाकण सैल होतं. त्याने ड्राइव्ह आत घालून कानाशी हलवली. खुळखुळली.

“हीच द्या.”

“अहो, ही तापते. ड्राइव्ह जळली तर आतलं काही परत मिळायचं नाही. आहे काय त्यात?”

“आईचा आवाज.”

बाई धातूची डबी त्याच्याकडे सरकवत म्हणाल्या, “मग ही न्या. भावाचं बघू आपण.”

“भावाचा प्रश्न नाही. हीच द्या.”

तेवढ्यात ताईचा फोन आला.

ताई मनाविरुद्ध लग्न करून परदेशी गेली, तेव्हापासून आईने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. शेवटच्या आजारपणात मात्र एका दुपारी आईने लॅपटॉप समोर ठेवायला लावला, सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि ताईसाठी काहीतरी बोलून ठेवलं. त्याला इतका आनंद झाला, की त्याने तिथूनच ताईला फोन लावून कळवलं. पुढे ताईने फाइल मागितली, तेव्हा ‘फार मोठी आहे, जात नाही’ म्हणून त्याने दिवस ढकलले. शेवटी ती म्हणाली, ड्राइव्हच पाठव.

“डबी चांगली घे रे,” ताई आता फोनवर सांगत होती. “पैशाकडे बघू नकोस, मी देते.”

“चांगलीच घेतोय.”

बाईंनी ते ऐकलं. त्यांनी प्लास्टिकची डबी पिशवीत टाकली.

पार्सल पोचलं आणि ताईचा पुन्हा फोन आला. आवाज बसला होता.

“लागतच नाही. इथल्या दोन दुकानांत दाखवली. म्हणाले, सैल डबीत आपटून ड्राइव्ह गेली. डबी हातात घेऊन हसत होते ते. तू कॉपी तरी ठेवलीस ना?”

“नाही.”

“इतका कंजूष कसा झालास रे? आईचा आवाज होता तो! तुला कुठली डबी घ्यावी हे कळत नाही? तुला?”

“चुकलं माझं, ताई.”

ती रडत राहिली. तो कानाला फोन लावून उभा राहिला. मग ती हळूच म्हणाली, “तिने मला माफ केलं की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही.”

“केलं. मी ऐकलंय.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, पोरी, मी उगाच ताणून धरलं. तू बोलावंस म्हणून मीच वाट बघत राहिले. ताई, हे तू तिच्या तोंडूनच ऐकावंस, म्हणून मी आधी बोललो नाही.”

“तरी तुला मी माफ करणार नाही,” ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याची बायको दारात उभी होती. पार्सल बांधण्याआधी घड्याळाच्या बारीक स्क्रूड्रायव्हरने तो ड्राइव्हवरच्या चिपचा एकेक चौकोन उचकटत होता, तेव्हाही ती अशीच उभी राहिली होती. आज तिने विचारलं.

“खरं काय म्हणाल्या होत्या आई?”

त्याने डोळे पुसले.

“म्हणाली, मी मेले तरी रडायला येऊ नकोस. माझी मुलगी कधीच मेली.”