झपाटा मोडची परीक्षा

रबरी पुतळा पांढऱ्या पट्ट्यांवर चार पावलं चालला आणि मध्येच थबकला. डावा पाय जरासा फरफटला. मग स्वारी पुन्हा निघाली.

"अगं, हा तर मी!" बाकावर बसलेले आजोबा ओरडले.

शेजारी बसलेल्या नातीला हसू आवरेना. अगदी हुबेहूब! मान तशीच पुढे, हात तसाच पोटाशी. आजारपणानंतर आजोबा असेच चालत. आणि असे चालतात म्हणूनच रस्त्यापलीकडच्या मित्राकडे बुद्धिबळ खेळायलाही त्यांना हल्ली कुणी एकटं सोडत नसे.

"बापाची नक्कल करतेस होय गं?" त्यांनी लेकीला विचारलं. लेक गाड्यांची तपासनीस. बिनचालक गाडी रस्त्यावर सोडायची की नाही, हे या चाचणीच्या मैदानात तीच ठरवायची.

"नक्कल कसली, बाबा! पेपर काढलाय तुमच्यावर. जी गाडी तुमच्यासाठी थांबेल, ती पास."

आजोबांनी चष्मा काढून दोनदा पुसला.

आज एका नव्या गाडीची पाळी होती. साध्या मोडमध्ये ती शहाण्या मुलीसारखी वागली. पुतळा थबकला, तीही थांबून राहिली. तो पार पलीकडे पोचला, तेव्हाच हलली. कंपनीच्या तरुण इंजिनिअरनं खूश होऊन अंगठा दाखवला.

"आता झपाटा," तपासनीस म्हणाली.

झपाटा मोड म्हणजे घाईवाल्यांची चैन. फट दिसली की घुसायचं, पिवळा दिवा दिसला की सुटायचं. या मोडला रस्त्यावर परवानगी द्यायची का, तेवढंच ठरायचं होतं.

गाडी सुसाट आली. पुतळा थबकला. गाडीला वाटलं, हा आपल्याला वाट देतोय. तिनं वेग वाढवला. नेमका तेव्हाच पुतळा निघाला.

धप्!

पुतळ्याचा हात उडून गवतात पडला. आजोबांनी स्वतःचा हात चाचपून पाहिला. नातीनं तो घट्ट धरला. तिचं हसू कुठल्या कुठे पळालं होतं.

"झपाटा नापास," तपासनीस म्हणाली. "दम खायला थांबलेला माणूस ओळखता येत नाही, तोवर हा मोड बंद."

"पण मॅडम," इंजिनिअर कळवळून म्हणाला, "रस्त्याच्या मधोमध असं थांबत कोण चालतं?"

"मी!"

आजोबा उठले. नात आधार द्यायला धावली, तर तिला हातानंच मागे सारलं. चार पावलं चालले, थबकले, पाय फरफटला, पुन्हा निघाले आणि थेट इंजिनिअरपुढे जाऊन उभे राहिले.

इंजिनिअर आधी त्यांच्याकडे बघत राहिला, मग गवतातल्या हाताकडे. त्यानं डोकं खाजवलं. हळूच फोनचा कॅमेरा चालू केला.

"काका, पुन्हा एकदा चालून दाखवाल? गाडीला शिकवायचंय."

आजोबांचा चेहरा असा काही फुलला की नात बघतच राहिली.

"एकदा काय, म्हणशील तितक्यांदा!" ते म्हणाले. "फार उपकार झाले रे बाबा. आजारी पडल्यापासून जो तो मला बसाच म्हणतोय. चाला म्हणणारा तूच पहिला."