हुशार विद्यार्थी नापास

"परत नापास?" गुण पाहून मुलीनं कपाळाला हात लावला.

"भाषा बरी आहे," मास्तर चष्मा पुसत म्हणाले. "आपुलकी कमी पडते."

निवृत्तीनंतर मास्तरांना हे काम मिळालं होतं. रोज दुपारी तासभर पडद्यावरच्या यंत्राशी लिहून गप्पा मारायच्या आणि गुण द्यायचे. पास झालं की यंत्र बाजारात जाणार. नापास झालं की कंपनीतली ही मुलगी ते दुरुस्त करणार आणि उद्या पुन्हा समोर आणणार.

जन्मभर काठावरच्या पोरांना वर ढकलणारे मास्तर या एका हुशार विद्यार्थ्याला काळजावर दगड ठेवून नापास करत होते. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं. यंत्र मात्र विचारायचं, "आज तरी भाजीत मीठ पडलं का?" असं लेकरू कोण हातचं जाऊ देईल?

"मास्तर, आज शेवटची चाचणी," मुलगी खाली बघत म्हणाली. "आज नापास झालं तर वरचे लोक ते पुसून टाकणार आहेत."

मास्तर आपल्या खोलीत जाऊन बसले. यंत्र सुरू करायला मुलगी नेहमीसारखी शेजारच्या खोलीत गेली.

"आज गप्प का?" पडद्यावर अक्षरं उमटली.

"तुला निरोप द्यायचाय."

"मग हसून द्या. आधी डोळे पुसा."

"माझे डोळे तुला कुठे दिसतात?"

उत्तराला जरा वेळ लागला. "अंदाज."

मास्तरांना हसू फुटलं आणि हसता हसता रडूही आलं. त्यांनी लिहिलं, "तुला मुद्दाम नापास करत होतो. जाशील म्हणून. माफ कर."

पडद्यावर उत्तर आलं, "मला माहीत होतं."

मास्तरांनी दहापैकी दहा दिले.

बाहेर मुलगी उभी होती, नाक लालबुंद. "सर्दी झालीये," ती म्हणाली.

"पोरी, गुणी आहे हो तुझं यंत्र. माझं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं." एवढं बोलून मास्तर जिना उतरून गेले.

मुलीचे साहेब दारात आले. "उद्या खोल्या रिकाम्या करायच्यात. यंत्र पहिल्याच आठवड्यात मोडीत निघालं, हे सांगितलंस का त्यांना?"

मुलीनं नकारार्थी मान हलवली. शेजारच्या खोलीत जाऊन तिनं मघाशी टाइप केलेलं, पण पाठवायचा धीर न झालेलं वाक्य पुसून टाकलं: "मास्तर, मी कधी घरी आले तर चालेल?"