पुढं धरलेला नेम

“कुणाची हरकत? नाही. मंजूर.”

शहरातल्या कचेरीत अध्यक्षांनी शिक्का मारला. आडरानातल्या गुरांच्या वाड्यांवर महिन्यातून एकदा उतरणारं डॉक्टरांचं विमान बंद करायचं होतं. एकेका धावपट्टीचा एकेक ठराव. हा पाचवा.

“हरकत आहे!” आडरानातल्या आपल्या वाड्यावरून वेरिटी ओरडली होती. तिचा आवाज छपरावरच्या डिशमधून छत्तीस हजार किलोमीटर वर उपग्रहाकडं गेला, तेवढाच खाली शहरात उतरला. पोचला तेव्हा अध्यक्षांनी पान उलटलं होतं.

“बाई, मध्येच बोलू नका. तो विषय संपला.”

सहाव्यालाही तेच. शेजारचा, म्हणजे ऐंशी किलोमीटरवरचा बार्नी पडद्यावर तोंड वासून राहिला. त्याचीच धावपट्टी गेली, आणि त्याचीही हरकत उशिरा पोचली.

वेळेत एक जरी हरकत आली तर ठराव अडायचा, असा नियम होता. पण वेळेत म्हणजे यांच्या घड्याळानं. घरोघरी डिश आली, आता डॉक्टर पडद्यावर बघा, म्हणणारे हेच. त्याच डिशवरून बोलणाऱ्याला पापणी लवायच्या आत गप्प करणारेही हेच.

सातवी धावपट्टी तिची होती.

बाजूला तिचा नवरा क्लाइव बसला होता, साखरेच्या आजारानं नासलेला पाय स्टुलावर टाकून. गेल्या महिन्यात पडद्यावरचा डॉक्टर म्हणाला होता, अंगठा झकास आहे. चार दिवसांनी विमानातून उतरलेल्या डॉक्टरीणबाईंनी वाकून त्याच अंगठ्याचा वास घेतला आणि सड ओळखली. म्हणून पाय राहिला.

“अगं, पळत्या डिंगो कुत्र्यावर नेम कुठं धरतेस?” क्लाइवनं विचारलं.

“त्याच्या नाकापुढं. का?”

“मग या अध्यक्षबाबाच्या शेपटीमागं का झाडतेस?”

वेरिटी खुर्ची ओढून पुढं सरकली. अध्यक्ष वाचू लागले. तिला अर्थाशी घेणंदेणं नव्हतं. सहादा ऐकून त्या वाक्याची चाल तिला पाठ झाली होती. “सदर धावपट्टीवरील विमानसेवा...” एवढं कानी पडताच तिनं सोडलं, “हरकत आहे!”

पडद्यावर अध्यक्षांचं तोंड चालूच होतं. “...बंद करण्यात यावी. कुणाची हर—”

तोंड थांबलं. शिक्का हवेतच राहिला.

“कारण सांगा, बाई. थोडक्यात.”

“क्लाइव, पाय वर.”

“टेबलावर? जेवतो आपण तिथं!”

“वर म्हणतेय ना.”

त्यानं पाय ठेवला. तिनं पट्टी सोडली आणि कॅमेरा इतका जवळ नेला की कचेरीतल्या भिंतभर तो अंगठाच दिसला असेल.

“डॉक्टर पडद्यावर भेटतो म्हणता ना? घ्या वास.”

मग दोघं थांबली. चित्राला वर जाऊन खाली उतरायला लागतो तेवढा वेळ.

अध्यक्षांचं डोकं मागं सरकलं.